आयडिओ मेथड कार्ड्स: घरात, दुकानात, रांगेत माणसं बघायला कितपत उपयोगी?

आयडिओ या अमेरिकी डिझाइन कंपनीने २००३ मध्ये ५१ पत्त्यांचा हा संच काढला. एका पत्त्यावर एक पद्धत. एका बाजूला मोठं चित्र, दुसऱ्या बाजूला ती पद्धत कशी वापरायची, का वापरायची आणि कंपनीच्या एखाद्या कामात ती कशी उपयोगी पडली याच्या मोजक्या ओळी. पत्त्यांचे चार गट आहेत: शिका, बघा, विचारा, करून बघा. इथे फक्त ‘बघा’ या गटाचा विचार केला आहे. वस्तू किंवा सेवा घडवणारे लोक सगळ्यात जास्त घाई याच टप्प्यावर करतात. प्रश्नावली भरून घेणं सोपं असतं. बाई मिक्सर कसा वापरते किंवा आजोबा रेशनच्या मशीनसमोर काय करतात, हे बघायला मात्र तिथे जाऊन बसावं लागतं.

संच घेण्यासारखा आहे, पण कशासाठी घेताय हे आधी ठरवा. हे पत्ते आठवण करून देतात, शिकवत नाहीत. चार ठिकाणी फिरून आलेल्या टीमला नियोजनाच्या बैठकीत ते फार उपयोगी पडतात. टेबलावर पसरले की ‘अरे, हे करायचं राहिलंच’ असं हमखास होतं. नवख्या माणसाला मात्र पत्ता दारापर्यंत आणून सोडतो. दाराच्या आत कुठे बसायचं, कधी लिहायचं, कोणाला काय सांगायचं, हे त्यावर नाही. शिवाय उदाहरणं अमेरिकी कामांची. आपल्याकडे ते वापरताना प्रत्येक पत्त्याची मागची बाजू जवळजवळ नव्याने लिहावी लागते. ती कशी लिहावी, हे एकेक पत्ता घेऊन बघू.

एका कामाला तीनच पत्ते निवडा. सात-आठ पद्धती घेऊन गेलात तर एकही धड होत नाही. साधारण जमणारी निवड अशी: एक पत्ता जागेसाठी, एक माणसासाठी, एक वस्तूंसाठी.

सगळ्यात प्रसिद्ध पत्ता ‘फ्लाय ऑन द वॉल’, म्हणजे कोणाच्या कामात न पडता बाजूला राहून बघणं. एसटी स्टँड, बँक, मंडई, दवाखान्याची ओपीडी अशा ठिकाणी तो उत्तम चालतो, कारण तिथे अनोळखी माणूस असणं नेहमीचंच असतं. घरात तो तसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे घरी आलेला माणूस पाहुणा असतो. त्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, पाणी देतात, आणि जिचं काम बघायला तुम्ही आलात तीच बाई पोहे करायला आत जाते. तिच्या वतीने बोलायला घरातला कर्ता पुरुष किंवा कॉलेजात जाणारा मुलगा समोर बसतो. तासाभराने तुमच्या वहीत मुलाची मतं असतात. आणि तुम्ही येणार म्हणून ओटा पुसून झालेला असतो, मिक्सरवर धुतलेलं कव्हर चढलेलं असतं.

यावर उपाय आहेत, आणि ते बारीकसारीक आहेत. भेटीची वेळ त्यांच्या सवडीची नको, कामाची हवी. ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारलं की दुपारी चार मिळतात, आणि चारला स्वयंपाकघर शांत असतं. ‘डबे किती वाजता भरता? नळाला पाणी कधी येतं?’ असं विचारा आणि त्याच्या अर्धा तास आधी पोचा. आदल्या दिवशी फोनवर सांगा: ‘काकू, काही आवरून ठेवू नका, नाश्त्याचं काही करू नका. तुमचं रोजचं काम चालू द्या, मी बाजूला बसून नुसतं बघणार आहे.’ दोघांनी जा. एकाने बाहेरच्या खोलीत बसून घरच्यांशी मनापासून बोलावं. त्यातूनही पुष्कळ कळतं, आणि आतला माणूस मोकळा राहतो. आत जाणारी शक्यतो बाई असावी. उंबऱ्याशी थांबून विचारावं. अनेक घरांत देव स्वयंपाकघरातच असतात, काही ठिकाणी सोवळं पाळतात. जागा दाराच्या कडेची घ्यावी. ओटा, सिंक आणि फ्रिज यांच्यामधल्या वाटेत उभं राहिलात तर तिला तुम्हाला वळसा घालून जावं लागेल, आणि तुम्ही जे बघाल ती तुमच्यामुळे बदललेली हालचाल असेल. पाटावर किंवा जमिनीवर बसलेलं बरं, कारण उभा माणूस देखरेख करतोय असं वाटतं. चहा नाकारू नका, फक्त ‘काम झालं की सगळे मिळून घेऊ’ म्हणा.

पहिली वीस मिनिटं लिहू नका. त्या वेळात पोळ्या जरा जास्तच गोल होत असतात. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि उतू जाणारं दूध एकाच वेळी येतं, तेव्हा ती तुम्हाला विसरते. खरं निरीक्षण तिथून सुरू होतं. शक्य असेल तर त्याच घरी दुसऱ्यांदा जा. दुसऱ्या भेटीत तुम्हाला खुर्ची देत नाहीत, कोथिंबीर निवडायला देतात, आणि तोवर तुमचं तिथे असणं अंगवळणी पडलेलं असतं.

एवढं केल्यावर काय दिसतं, त्याचं उदाहरण मिक्सरवर होणारी खोबऱ्याची चटणी. विचारलं तर उत्तर येतं, ‘मिक्सर छान आहे, काही त्रास नाही.’ बघितलं तर: पहिल्या फिरवण्यात खोबरं भांड्याच्या कडांना जाऊन चिकटतं आणि पाती मोकळी फिरतात. ती थांबवते, झाकण काढते, चमच्याने कडा खाली ओढते. पुन्हा फिरवते, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नाइलाजाने दोन चमचे पाणी घालते, म्हणजे कोरडी चटणी आता ओली झाली. फिरवताना डावा तळवा झाकणावर दाबलेला असतो, कारण झाकणावर तिचा भरवसा नसतो. शेवटी पात्यांखाली अडकलेली चटणी बोटाने काढते. वायर आखूड आणि प्लग शेगडीजवळ, त्यामुळे हे सगळं पेटलेल्या शेगडीच्या बाजूला चालतं. मुलाखतीत यातलं काहीही येत नाही, कारण तिच्या लेखी हा त्रास नसून चटणी करण्याची रीत आहे. ‘त्रास काय होतो?’ या प्रश्नाची मर्यादा इथे कळते, आणि या पत्त्याची किंमतही.

आमच्या मते संचातला सर्वांत सरस पत्ता ‘बिहेवियरल आर्किऑलॉजी’ आहे. माणूस समोर नसतानाही त्याच्या वापराच्या खुणांवरून वापर ओळखायचा. झिजलेलं बटण, टाइल्सवरचा तेलकट डाग, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला रिमोट, खिळ्याला टांगलेली कुकरची रिंग. मराठी घरात या पत्त्यासाठी पहिली जागा म्हणजे स्वयंपाकघरातली दिनदर्शिका. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे आणि तिथी-मुहूर्ताच्या बरोबरीने घराची हिशेबवहीसुद्धा आहे. एकेका चौकोनात दुधाचे ‘१’ किंवा ‘अर्धा’, कामाच्या मावशींचा खाडा म्हणजे फुली, नवा सिलिंडर लावला त्या तारखेला ‘गॅस’, कुठे डॉक्टरांची वेळ. पेन दोऱ्याने तिथेच बांधलेला. घरखर्चाचं अ‍ॅप करणाऱ्याने या पानासमोर दहा मिनिटं उभं राहावं. नोंद वस्तूनुसार नाही, दिवसानुसार आहे. ती घरातलं कोणीही करतं, पासवर्ड नाही. जिथे गोष्ट घडते तिथेच ती लिहिली जाते. महिना संपला की बेरीज एकदाच, दूधवाल्यासमोर. एका माणसाच्या फोनमधलं अ‍ॅप या सगळ्याच्या विरुद्ध जातं.

या पद्धतीत चुका कुठे होतात तेही पत्त्याने सांगायला हवं होतं. खुणेवरून काहीतरी घडलं हे कळतं, कोणी केलं आणि किती वेळा ते कळत नाही. म्हणून आधी न विचारता बघा, तुमचा अंदाज लिहा, आणि मग विचारा, ‘हे कोणी लिहिलं? ही फुली कशाची?’ अंदाज चुकला तर तो खोडू नका, शेजारी उत्तर लिहा. टाकून दिलेल्या वस्तूची खूण उरत नाही, तेव्हा माळ्यावर किंवा पलंगाखाली काय ठेवलंय ते परवानगी घेऊन बघा. आणि वेळ सांभाळा. दिवाळीच्या किंवा गुढीपाडव्याच्या साफसफाईनंतर लगेच गेलात तर अर्ध्या खुणा पुसलेल्या असतात. जानेवारीत नवं कॅलेंडर कोरं असतं, मार्च-एप्रिलपर्यंत ते वाचण्यासारखं होतं.

‘बिहेवियरल मॅपिंग’ म्हणजे जागेच्या नकाशावर माणसांची नोंद. पत्ता वाचून हे फार सोपं वाटतं. रेशन दुकानावर करायचं असेल तर क्रम असा ठेवा. गर्दी नसताना जाऊन एफोर कागदावर दुकानाचा आराखडा काढा: काउंटर, ई-पॉस मशीन (अंगठ्याचा ठसा घेऊन धान्याची नोंद करणारं), काटा, पोत्यांची थप्पी, पायरी, सावली कुठवर येते, गाड्या कुठे लागतात. त्याच्या वीस-पंचवीस झेरॉक्स काढा. दर पाच मिनिटांनी एक नवा कागद, वर वेळ. डावीकडून उजवीकडे नजर एकदाच फिरवायची आणि त्या क्षणी जे जिथे आहे ते मांडायचं: पुरुष त्रिकोण, बाई गोल, बसलेल्याखाली रेघ, बरोबर मूल असेल तर ठिपका. मागे वळून दुरुस्ती करायची नाही, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जातो. पहिले तीन-चार कागद दोघांनी वेगवेगळे भरून ताडून बघावेत. फरक पडतो तो व्याख्येत. पायरीला टेकलेला माणूस बसलेला धरायचा की उभा? हे तिथेच ठरवून कागदाच्या कोपऱ्यात लिहा.

पाच-पाच मिनिटांच्या नोंदीतून छोट्या घटना निसटतात, आणि रेशन दुकानावरची महत्त्वाची गोष्ट तर अर्ध्या मिनिटाचीच असते: अंगठा. कष्टाची कामं केलेल्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. मग अंगठा पदराला किंवा केसांवर घासला जातो, दुसरं बोट लावलं जातं, दुकानदार मनगट धरून दाबतो, रांगेतला मागचा माणूस पुढे येऊन सल्ला देतो. मशीनचा स्क्रीन दुकानदाराच्या बाजूला असेल तर हे सगळं चालू असताना आजींना काय चुकतंय तेच दिसत नाही. म्हणून मॅपिंगच्या जोडीला दुसऱ्या माणसाने फक्त मशीनजवळ थांबून प्रत्येक प्रयत्नाची नोंद करावी: कितवं बोट, कितवा प्रयत्न, कोणाची मदत. आणि दिवस निवडताना माल कधी येतो ते विचारून घ्या. धान्य आल्यानंतरचे पहिले दिवस आणि महिनाअखेर ही दोन वेगळी दुकानं समजावीत.

‘टाइम-लॅप्स व्हिडिओ’ आणि ‘स्टिल-फोटो सर्व्हे’ या दोन पत्त्यांबद्दल थोडक्यात. टाइम-लॅप्सचं गणित आधी करा. दर पाच सेकंदांना एक फोटो घेतला तर दहा तासांचे ७,२०० होतात, आणि सेकंदाला २४ या वेगाने ते पाच मिनिटांत बघून होतात. चौकातल्या किंवा मंडईतल्या हालचालीला एवढं पुरतं. काउंटरवरच्या हातांच्या कामाला पाच सेकंदांचं अंतर फार मोठं आहे, तिथे सरळ व्हिडिओ घ्या. फोन वापरणार असाल तर ऊन लागून तो तापतो आणि मधेच बंद पडतो. सावलीची जागा आणि पॉवर बँक हवीच. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इमारतींपुढच्या मोकळ्या जागा याच पद्धतीने फिल्मवर टिपल्या. लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा आहे, आणि हलवता येणारी खुर्ची असेल तर बसण्याआधी ती इंचभर तरी सरकवतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या शहराने १९७५ मध्ये अशा जागांचे नियम बदलले त्यामागे हे काम होतं. फोटोंचा नियम साधा: प्रत्येक गोष्टीचे तीन फोटो, लांबून, मधून, जवळून. नुसते जवळून काढलेले फोटो पंधरा दिवसांनी ओळखूही येत नाहीत.

‘शॅडोइंग’, म्हणजे एखाद्याच्या मागे त्याच्या कामावर हिंडणं. आशा ताईंसाठी, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांसाठी, काही तयार करणाऱ्यांनी हे केल्याशिवाय एकही स्क्रीन आखू नये. दोन पावलं मागे चाला. घरात असताना एकही प्रश्न नाही, प्रश्न दोन घरांमधल्या रस्त्यावर. तिथे ताई मोकळेपणाने बोलतात. गरोदरपण, क्षयरोग किंवा घरातलं भांडण असा विषय निघाला तर न सांगता बाहेर थांबा. रजिस्टरमधली नावं दिसतील असा फोटो घेऊ नका. नजर ठेवायची ती नोंदीच्या प्रवासावर. घरात माहिती चिठ्ठीवर किंवा तळहातावर लिहिली जाते, नंतर रजिस्टरात, आणि रेंज मिळाल्यावर फोनमध्ये. एकच आकडा तीनदा उतरतो. चूक कुठल्या पायरीवर होते हे मागे फिरल्यावरच दिसतं. अर्ध्या दिवसाहून जास्त मागे राहू नका. तुमचं ओझं त्यांच्या कामावर पडतं, आणि तुमची नजरही थकते.

‘पर्सनल इन्व्हेंटरी’मध्ये माणूस जवळ बाळगतो त्या वस्तू बघायच्या. लोकलने जाणाऱ्या बाईची पर्स हे चांगलं क्षेत्र आहे: पास, डबा, घडीची पिशवी, सेफ्टी पिना, छत्री, सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात. वस्तू तिनेच काढाव्यात, आपण हात लावायचा नाही, आणि ‘जे दाखवायचं नाही ते राहू द्या’ हे सुरुवातीलाच म्हणायचं. ‘गाइडेड टूर’ घराची असेल तर ती दारातल्या चपलांपासून सुरू करा आणि कपडे-भांडी धुण्याच्या जागेपर्यंत न्या, नाहीतर टूर शोकेसपाशीच संपते. ‘अ डे इन द लाइफ’साठी लोकांना डायरी लिहायला देतात. आपल्याकडे ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी भरली जाते, दिवस आदर्श होतो. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून तीन ठरलेल्या वेळी ‘आत्ता काय चाललंय?’ एवढंच विचारा आणि आवाजी निरोप मागा. मागचे आवाज, टीव्ही, मुलं, रस्ता, तेही ऐकण्यासारखे असतात.

संचात सगळ्यात मोठी उणीव टिपणांची आहे. काय बघायचं ते पत्ते सांगतात, बघितलेलं कसं ठेवायचं ते नाही. त्यासाठी डॉब्लिन या डिझाइन सल्लागार कंपनीत १९९१ मध्ये तयार झालेली पाच मथळ्यांची चौकट जोडीला घ्या: कृती, जागा, देवाणघेवाण, वस्तू, माणसं. वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे वेळ आणि दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. ‘ती वैतागली’ हे उजवीकडचं वाक्य. ‘तिने झाकण जोरात आपटलं, तीनदा’ हे डावीकडचं. ही सरमिसळ झाली की महिन्याभराने पुरावा आणि अंदाज वेगळे काढता येत नाहीत. त्याच रात्री टिपणं सविस्तर लिहा. तासाभराच्या निरीक्षणाला दोन-तीन तास लिहायला लागतात, म्हणून दिवसाला दोनपेक्षा जास्त घरं ठेवू नका.

दुसरी उणीव संमतीची. २००३ मध्ये कोणाच्या खिशात आजच्यासारखा कॅमेरा नव्हता, हे समजण्यासारखं आहे, पण आज पत्ते हातात घेणाऱ्याने ही बाजू स्वतः भरून काढायला हवी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि परत घेता येण्यासारखी हवी. संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्यात आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. मराठीत अर्ध्या पानाचा कागद करा, तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि फोटोसाठी वेगळी सही घ्या. बघू दिलं म्हणजे फोटोला हो म्हटलं असं होत नाही. मानधन कामाआधी ठरवा आणि जिचं काम बघितलं तिच्याच हातात द्या.

खरेदीबद्दल: संच परदेशातून मागवला तर किमतीवर कुरिअर आणि आयात शुल्क चढतं. कॉलेज किंवा स्टुडिओ मिळून एक घ्या, प्रत्येकाला वेगळा लागत नाही. एकट्याने शिकणाऱ्यांनी आयडिओ डॉट ऑर्ग या आयडिओतूनच निघालेल्या ना-नफा संस्थेच्या ‘डिझाइन किट’च्या पद्धती आधी वाचाव्यात. त्या नेटवर फुकट आहेत आणि त्यात पायऱ्याही जास्त सविस्तर आहेत. ‘बघा’ गटातले उरलेले ‘रॅपिड एथ्नोग्राफी’ आणि ‘सोशल नेटवर्क मॅपिंग’ हे पत्ते फारच मोघम आहेत. पहिला शक्य तितका वेळ लोकांबरोबर घालवायला सांगतो आणि तिथेच थांबतो. दुसरा म्हणजे कोणाचा कोणाशी संबंध आहे याचा नकाशा. त्याचा उपयोग बचत गट किंवा भिशीसारख्या ठिकाणी आहे, पण उसनवारीची नावं कागदावर मांडताना घराघरांत वितुष्ट येऊ शकतं, म्हणून नावांऐवजी सुरुवातीपासून क्रमांक वापरा.

पत्त्यांची मागची बाजू मराठीत स्वतः तयार करणार असाल तर सहा बाय चार इंचांचं जाड कार्ड पुरतं. चार मथळे ठेवा: कुठे चालतं, कुठे चालत नाही, आत शिरताना काय म्हणायचं, काय हमखास निसटतं. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर पेन चालत नाही. मॅट करा किंवा तसंच ठेवा, म्हणजे प्रत्येक भेटीनंतर मागे एक ओळ वाढवता येते.